शेठजींच्या जहाजाचं पान

रूबेनभाऊ, तुमचा पासपोर्ट रद्द करून आणायला मीच गेले होते. इथे आखातात वारलेल्या माणसाला गावी पाठवायचं तर आधी त्याचा पासपोर्ट वकिलातीत नेऊन द्यावा लागतो. ते त्यावर शिक्का मारतात आणि मग शवपेटीचे कागद पुढे सरकतात. हमरियातल्या टायपिंगच्या दुकानात बसून असले कागद मी सव्वीस वर्षं करत आले आहे. तरी तुमचे करताना माझी बोटं दोनदा चुकली. अर्जदाराचं नाव वर आणि मृताचं खाली, एवढी साधी गोष्ट, पण मी उलटं केलं आणि 'मृत' म्हणून माझंच नाव टाकून बसले.

आणि पासपोर्ट होता कुठे, सांगू? तुमच्या रुवीच्या खोलीत आम्ही गादीखाली पाहिलं, पेटी उपसली, पुस्तकांची पानं झटकली. शेवटी दत्ताराम म्हणाले, "अगं, कपाटात असेल." कंपनीच्या त्या करड्या लोखंडी कपाटात, ज्याची किल्ली एकोणीस वर्षं तुमच्या कमरेला होती. कंपनीतल्या सगळ्या माणसांचे पासपोर्ट राखणाऱ्याने आपलाही तिथेच ठेवला होता, इतरांसारखाच, नावाच्या अक्षराप्रमाणे. तुमच्या जागी आलेल्या साहेबाने तो काढून दिला आणि माझी सही घेतली. मला हसूही आलं आणि रागही. तुमचा राग मला तुम्ही असतानाही येत होता, तेव्हा तुम्ही गेलात म्हणून तो लगेच जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

दत्ताराम म्हणजे माझे यजमान, तुमच्याच कंपनीतले. तुमच्यासमोर मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, पण कागदावर 'हे' आणि 'ह्यांनी' लिहीत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. तुमची पेटी विमानतळावर मालाच्या दारापर्यंत ज्या चौघांनी नेली त्यात तेही होते. गुडघे दुखत असताना गेले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "त्यांचं इथे कोण आहे आपल्याशिवाय?"

इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. ज्यांनी तुम्हाला कधी घरी चहाला बोलावलं नाही ते माईकवर येऊन तुम्हाला देवमाणूस म्हणत होते. एक गृहस्थ म्हणाले, ख्रिश्चन असूनही रूबेनसाहेबांचं मराठी काय सुंदर होतं. मला राहवलं नाही. मी उठले आणि म्हटलं, "ते ख्रिश्चन नव्हते, ज्यू होते. अलिबागकडचे. तुमच्या-माझ्या आधीपासून कोकणात आहेत ते लोक. मराठी त्यांना कोणी शिकवलेलं नाही." मग मागून कोणीतरी विचारलं, "मग त्यांनी कधी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत कधी?" पण खरं सांगायचं तर तुम्ही लोकांना तसं समजू दिलंत, रूबेनभाऊ. नाताळला केकही घेतलात त्यांच्याकडून. परक्या मुलखात उगाच विषय नको, झाकली मूठ बरी, असं तुमचं होतं. शुक्रवारी दिवस मावळायला तुम्ही काचेच्या पेल्यात तेलवात लावायचात, तीही आधी पडदा ओढून.

तुमचं पुस्तक मी टाईप करायला घेतलं ते चांगुलपणाने घेतलं, असं तुम्हाला वाटत होतं का? मला कधी विचारायचं धाडस झालं नाही. मी घेतलं, कारण मला तुम्हाला समोर बसवून बघायचं होतं. सासूबाईंना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दत्ताराम तुमच्याशी पूर्वीसारखे बोलायला लागले होते, मला ते जमत नव्हतं. आणि तुम्ही एका शुक्रवारी दहा वाजता वही घेऊन दारात उभे. "मंदाताई, मराठी टाईप करून द्याल का? मोठं काम आहे. घाई नाही."

घाई नव्हती हे खरंच. दहा वर्षं चाललं ते.

कोणा गोऱ्या इंजिनिअरने देश सोडताना टाकलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक तुमच्या हाती लागलं होतं. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती त्या काळातलं, एका बंदरातल्या ज्यू व्यापारी कुटुंबाचं चरित्र, त्यांच्या पत्रांसकट. तुम्ही त्यावरून मराठीत लिहीत होता. दर शुक्रवारी तुम्ही वाचायचं, मी टाईप करायचं, आणि आतून दत्ताराम माशाच्या तव्यावरून विचारायचे, "मग, पोचलं का जहाज?" मासा खवल्यांचा लागायचा. कोलंबी केली की तुम्ही वरणभातावर जेवायचात आणि वर मला म्हणायचात, वास मात्र छान येतोय.

पहिल्याच दिवशी आपलं वाजलं. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला तुम्ही 'शेठजी' म्हणत होता. मी म्हटलं, "अमेरिकेतल्या माणसाला शेठजी काय म्हणता? पेणचा वाणी आहे का तो?" तुम्ही चष्मा काढलात. "मग काय म्हणू? मिस्टर? आपल्या वाचणाऱ्याला बंदरातला व्यापारी म्हटलं की शेठजीच दिसतो." ते मला पटलं, पण मी तसं सांगितलं नाही.

हळूहळू ते घर आमच्या बैठकीच्या खोलीत राहायला आलं. पोर्तुगालहून जीव मुठीत घेऊन पळालेली माणसं. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वरून ख्रिस्ती आणि आतून ज्यू राहिलेली. नव्या गावात उतरल्यावर शेठजींनी आणि त्यांच्या बायकोने नावं बदलली आणि आपल्या रीतीने पुन्हा लग्न लावलं. पाच वर्षांच्या मुलीसमोर आईबापांचं लग्न. हे वाचताना तुमचा आवाज असा काही बसला की मी टाईप करायची थांबले. तुम्ही म्हणालात, "काही नाही, एसी जास्त झालाय." पुढे त्यांनी देवमाशाच्या चरबीच्या मेणबत्त्या करायचा कारखाना काढला. तेव्हा तुम्ही वही मिटून टाळी दिलीत. "म्हणजे तेलीच की हो! आम्ही तेली, तेही तेली!" तुमच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून, हे तुम्ही मला त्या दिवशी सविस्तर ऐकवलंत. मला ते आधीपासून माहीत होतं. शनिवारचा धडा मी तुमच्याकडून एकदा घेतलेला होता.

शेठाणी मला आवडायची. तिने बहिणीला लिहिलेल्या पत्रांत जहाजांचं काही नसायचं. पोरांचे खोकले, आपल्या रीतीने कापलेलं मांस पिंपात खारवून ठेवायची कटकट, आणि मुलीला आपल्यातला मुलगा कुठून आणायचा ही काळजी. सगळ्या गावात मिळून दहा-पंधरा घरं आपली. आमची प्राची तेव्हा इथल्या शाळेत होती, घरात इंग्रजीच फाडायची. शेठाणीची काळजी मला नीट समजायची. ती बाळंतपणात गेली ते पान तुम्ही सलग वाचून टाकलंत आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. बाहेर आले तर तुम्ही म्हणालात, "दोनशे-अडीचशे वर्षं झाली हो तिला जाऊन." तुम्ही असे दगडासारखे बोलायचात कधी कधी.

आता त्या शनिवारचं लिहिते. तुमच्याशी मी ते कधीच नीट बोलले नाही.

अकरा वर्षं झाली. गुरुवारी दुपारी गुहागरहून दिराचा फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच निघा. दत्ताराम तसेच ऑफिसात तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, साहेब निझवाच्या साईटवर गेलेत, त्यांच्या सहीशिवाय कपाटातून काही बाहेर जात नाही, रविवारी पहिलं काम तुमचं. शुक्रवारी सगळं बंद. शनिवारी सकाळी फोन आला की आई सारखं दत्ताचं नाव घेते. दत्ताराम तुमच्या खोलीवर आले. ते काय बोलले, तुम्ही काय बोललात, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. ते म्हणाले, "रूबेनभाऊ, सही मागाहून घ्या, मी पाया पडतो." तुम्ही म्हणालात, "दत्ताराम, सहीचं मी बघून घेतो. नोकरी गेली तर जाऊ दे. पण आज शब्बाथ आहे, आमचा पाळायचा शनिवार. मी आज कुलूप उघडत नाही, आजवर उघडलेलं नाही. चांदण्या दिसल्या की मी स्वतः घेऊन येतो."

दत्ताराम घरी येऊन खुर्चीत बसले. दुपारी तीनला सासूबाई गेल्या. दिवस मावळला, दारावर टकटक झाली, आणि तुम्ही पासपोर्ट हातात घेऊन उभे. साहेबांची सही नव्हती, तुम्ही शब्द पाळला होतात. दार मी उघडलं. मी नुसती बाजूला झाले. तुम्ही आत बघितलंत आणि तुम्हाला कळलं. तुम्ही चपला न काढता उंबऱ्यातच खाली बसलात.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडायला तुम्हीच गाडी घेऊन आलात. दत्ताराम पोचले तोवर घरच्यांनी सगळं आटपलं होतं. उन्हाळा होता, कोणी थांबवणार किती?

दत्तारामांनी पुढे कधी तुम्हाला शब्दाने दुखवलं नाही. "कुलूप काही त्यांनी केलेलं नाही," एवढंच म्हणायचे. तुम्हीही त्यांची कधी माफी मागितली नाहीत. मला त्याचाच राग होता. एवढ्या पत्रांचं भाषांतर करणाऱ्या माणसाला दोन वाक्यं सुचू नयेत?

मग तीन महिन्यांपूर्वीचा तो शुक्रवार. पुस्तक संपत आलं होतं. तुम्ही आलात ते न बोलता वही उघडून वाचायलाच लागलात. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरातल्या टिपा असतात, त्यात तुम्हाला काहीतरी सापडलं होतं आणि त्याचं तुम्ही एक पान केलं होतं.

शेठजींची जहाजं आफ्रिकेलाही जात, हे तोवर पुस्तकात कुठेतरी ओझरतं आलं होतं. त्या पानात ते जहाज होतं. शुक्रवारी दिवस कलताना ते बंदराला लागलं. तळात माणसं होती, विकायला आणलेली. शेठजी शनिवारी कसलाच व्यवहार करत नसत. रविवारी गावाचं चर्च, तेव्हा शेजाऱ्यांचा मान राखून त्या दिवशीही दुकान बंद. अशी त्यांची जुनी शिस्त होती आणि गावात तिचं फार कौतुक होतं. म्हणून माल सोमवारी उतरवायचं ठरलं. कप्तानाने नंतर कळवलं की थांबलो त्या काळात खालचे दोघे गेले. एवढंच होतं. त्या दोघांची नावं कोणी लिहिली नव्हती.

तुम्ही वाचलंत, मी टाईप केलं, आणि आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. दत्ताराम आतून म्हणाले, "पोचलं का जहाज?"

पुढच्या शुक्रवारी तुम्ही म्हणालात, "मंदाताई, ते पान काढून टाका."

"का?"

"आम्ही मूठभर माणसं आहोत. त्या गावातले सगळे व्यापारी तेच करत होते. चर्चला जाणारे, धर्मादाय करणारे, सगळे. कित्येकांची जहाजं आमच्यापेक्षा जास्त. पण लोक हे एकच पान लक्षात ठेवतील. बाकीची चारशे पानं कोणी वाचणार नाही. म्हणतील, बघा, हे असे असतात."

हे तुमचं बोलणं खरं होतं. आज मला ते कळतं, तेव्हाही थोडं कळत होतं. पण माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. मी म्हटलं, "चांगली नाती शोधताना तेली तेली म्हणून टाळ्या देता आणि हे निघालं की पान काढा? शेठजींच्या शिस्तीपायी दोघं गेले ते नको, आणि शेठजींची मेणबत्ती मात्र हवी?" मग मी ते बोलले. "तुम्ही शेठजींचं पान काढत नाही आहात, रूबेनभाऊ. तुम्ही स्वतःचं काढताय."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. दत्ताराम दारात येऊन उभे राहिले.

तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. चेहऱ्याकडे नाही, की-बोर्डवर ठेवलेल्या हातांकडे, बराच वेळ. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. तुमचे ओठ हललेही. मग तुम्ही दाराकडे, दत्तारामांकडे बघितलंत आणि वही मिटलीत. मी रागारागाने तुमच्यासमोर ते पान फाईलमधून पुसून टाकलं, "हे घ्या, झालं समाधान?" म्हणून. वहीतलं पान तुम्ही फाडलंत, खिशात घातलंत आणि म्हणालात, "खलास, मंदाताई." आणि गेलात. जेवायला थांबला नाहीत. तीन महिने आपण बोललो नाही, आणि मग एका मंगळवारी इस्पितळातून फोन आला तो दत्तारामांना आला.

तुम्ही हातांकडे का बघितलंत, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कळून घेतलं नाही.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही. म्हणून प्रत्येक माणसाकडून एका कागदावर सही घेतात, की मी माझ्या खुशीने, सांभाळायला म्हणून, पासपोर्ट कंपनीकडे ठेवत आहे. कोणाची सही, कोणाचा अंगठा. ते कागद आमच्या दुकानात तयार व्हायचे. मसुदा तुम्ही आणायचात, इंग्रजी आणि हिंदी मी टाईप करायची. शेकडो केले. दत्तारामांचाही मीच केला होता, नाव माझ्या हाताने टाकलं. त्या कागदात खालून तिसरी ओळ होती, की मागणी केल्यास पासपोर्ट त्याच दिवशी परत दिला जाईल. त्याच दिवशी. सहीबिहीचं काही नव्हतं त्यात. दत्तारामांना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी चाळीस जणांच्या रांगेत सही केली होती. मला ठाऊक होतं.

गुरुवारी ते हात हलवत घरी आले तेव्हा मी ती ओळ सांगितली असती तर? त्यांनी तुमच्याकडे जाऊन कागद दाखवला असता, तुम्ही गुरुवारीच कपाट उघडलं असतंत. तुमच्या देवाचा प्रश्नच आला नसता. मी सांगितलं नाही. कंपनीच्या कामावर आमचं दुकान चालत होतं. ह्यांची बायको कंपनीचेच कागद कंपनीवर उलटवते, असं कोणी म्हटलं असतं तर दोघांचीही नोकरी गेली असती, प्राचीची शाळा गेली असती. मी मनाशी म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय, म्हाताऱ्या माणसाचं असंच खालवर होत असतं. मी घाबरले, रूबेनभाऊ. अकरा वर्षं मी सगळा राग तुमच्या त्या शनिवारावर ठेवला, कारण तो ठेवायला मला जागा मिळाली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

आणि तुम्ही, ज्यांना हे सगळं ठाऊक होतं, तुम्ही त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघून गप्प बसलात. एका वाक्याने मला आडवं करता आलं असतं. मी तुम्हाला एवढं बोलल्यावर तुम्ही माझं राखलंत. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तुम्ही ते वाक्य बोलला असतात तर बरं झालं असतं, असंही मला रोज एकदा वाटतं.

तुमची खोली रिकामी करताना पेटीत वह्या मिळाल्या. शेवटच्या वहीत ते फाडलेलं पान टाचणीने परत लावलेलं होतं, जिथून फाडलं तिथेच. तुमचं मन बदललं होतं का? की लिहिलेलं टाकवत नाही म्हणून लावून ठेवलंत? मी त्या टाचणीचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलंय. मेलेल्या माणसाच्या नावाने आपल्याला हवं ते बोलून घेणं सोपं असतं.

तुमची लेक एस्थर सात दिवस सुतकात बसून उठल्यावर तिचा ठाण्याहून फोन आला. तिने दफनाचं सांगितलं. गावच्या कब्रस्तानात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, नऊच जमले होते. दहावा पेणहून यायचा होता, तोवर तुम्हाला घेऊन सगळे तासभर उन्हात उभे होते. मग म्हणाली, "मावशी, पुस्तकाची फाईल पाठवा, आम्ही छापतोय. पण ते एक पान होतं ना? बाबा म्हणाले होते त्यावरून तुमचं भांडण झालं. ते नका ठेवू. आधीच लोक आमच्याबद्दल काय काय बोलतात."

अगदी तुमचा सूर. या वेळी मी तोंड सोडलं नाही. मी तिला म्हटलं, पान राहू दे, आणि सगळ्या गावाचे व्यापारी तेच करत होते हेही त्यात लिहू दे, तुझे बाबा मला बोलले होते तसंच्या तसं. आणि त्या पानाच्या खाली, टाईप करणाऱ्या बाईची टीप म्हणून, मी माझं लिहिते. कपाटाचं, कागदाचं, तिसऱ्या ओळीचं.

"तुमचं कशाला त्यात, मावशी?"

"नाहीतर लोक म्हणतील, हे फक्त त्यांच्यातच होतं."

एस्थर म्हणाली, "काकांना माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. छापल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगायला हवं होतं. काल शनिवार. सकाळी आम्ही अल मवालेहच्या बाजारातून भाजी आणली. दत्ताराम जमिनीवर पेपर पसरून मटार सोलत बसले होते. मी तुमचं पान वाचलं, आणि न थांबता खालची माझी टीप वाचली. त्यांचे हात चालूच होते. वाचून झालं तरी ते सोलत होते.

मग म्हणाले, "गुरुवारी मी घरी आलो, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "हो."

"शुक्रवारी?"

"हो."

"शनिवारी मी त्यांच्या पाया पडायला गेलो. तेव्हा?"

मी हो म्हटलं. त्यांनी उरलेल्या शेंगा सोलल्या, सालं पेपरात गुंडाळली, दाणे आत नेऊन ठेवले. आज सकाळी उठून त्यांनी चहा केला, तो एकट्यापुरता. मी फाईल एस्थरला पाठवून दिली आहे, रूबेनभाऊ. आता त्यांची कशी समजूत काढू, हे तुम्हालाच विचारलं असतं.